एपीआयवर 'ऑर्गनायझेशन व्हेरिफाय करा' असा एरर येतोय, आयडी पण रिजेक्ट होतोय? मग हे क्रमाने तपासा

दर काही दिवसांनी कोणी ना कोणी तोच स्क्रीनशॉट पाठवतं. कोड बरोबर आहे, एपीआय की (एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून थेट एआय मॉडेल वापरायची सोय, आणि की म्हणजे त्यासाठीचा गुप्त कोड) बरोबर आहे, काल रात्रीपर्यंत दुसरं मॉडेल मस्त चालत होतं आणि आज फक्त मॉडेलचं नाव बदललं तर थेट एरर, 'युवर ऑर्गनायझेशन मस्ट बी व्हेरिफाइड'. मग कोणी सांगतं व्हीपीएन लाव, कोणी सांगतं नवीन अकाउंट काढ, कोणी सांगतं अमक्याकडून व्हेरिफाइड अकाउंट विकत मिळतं, आणि यातला एकही त्या एररवरचा उपाय नाही, उलट शेवटचे दोन तुम्हाला अजून खोलात नेतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मुख्यतः ओपनएआयच्या, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीच्या, एपीआयबद्दल आहे कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात, पण आयडीचा फोटो, नाव, सेल्फी या भागातल्या बऱ्याच गोष्टी इतर ठिकाणीही तशाच लागू पडतात.

आधी हे काय आहे ते. एप्रिल २०२५ पासून ओपनएआयने एपीआयसाठी 'व्हेरिफाइड ऑर्गनायझेशन' हा प्रकार आणला. ऑर्गनायझेशन, किंवा थोडक्यात ऑर्ग, म्हणजे तुमचं किंवा कंपनीचं तिथलं खातं, ज्यात प्रोजेक्ट आणि एपीआय की असतात. त्यांचं म्हणणं असं की थोडेसे डेव्हलपर मुद्दाम नियम मोडून एपीआय वापरतात, आणि जास्त ताकदीची मॉडेल्स सगळ्यांना उघडी ठेवायची तर मागे खरा माणूस कोण आहे हे कळायला हवं. मग ओ३, चित्रं बनवणारं जीपीटी इमेज १, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जीपीटी ५ आलं तेव्हा त्याचं स्ट्रीमिंग (म्हणजे उत्तर तयार होईल तसं तुकड्या तुकड्याने येणं), अशा एकेक गोष्टी या व्हेरिफिकेशनच्या मागे गेल्या. याला वेगळे पैसे लागत नाहीत, अमुक इतका खर्च केलेला असला पाहिजे अशीही अट नाही. लागतो तो सरकारी आयडी आणि तुमचा चेहरा. तपासणी ओपनएआय स्वतः करत नाही, पर्सोना नावाची अमेरिकन कंपनी करते, त्यामुळे मधेच वेगळ्या नावाचं पेज उघडलं म्हणून घाबरू नका. फक्त ते पेज ओपनएआयच्या सेटिंगमधूनच उघडलेलं असलं पाहिजे, कोणी मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एरर पूर्ण वाचा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं असं माझं मत आहे, कारण लोक लाल अक्षरं दिसली की पहिले चार शब्द वाचतात आणि घाबरतात. कोड ४०१ असेल तर एपीआय की चुकीची किंवा डिलीट झालेली, त्याचा ओळखीशी संबंध नाही. ४२९ असेल आणि त्यात 'इनसफिशंट कोटा' असं लिहिलं असेल तर तुमचा बॅलन्स संपलाय किंवा मुळात भरलेलाच नाही. चॅटजीपीटीचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं म्हणजे एपीआय फुकट असं काही नसतं, एपीआयचं क्रेडिट वेगळं भरावं लागतं, किमान ५ डॉलरचं. आणि तिथे कार्ड चालत नसेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन आणि इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू आहे का बघा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवीन कार्डांवर ते बंदच येतं, आपल्याला चालू करावं लागतं. ४०४ येऊन 'मॉडेल अस्तित्वात नाही किंवा तुम्हाला अ‍ॅक्सेस नाही' असं म्हणत असेल तर नावाचं स्पेलिंग आधी बघा, आणि ते बरोबर असेल तर मग व्हेरिफिकेशनचा संशय घ्या. ४०३ आणि त्यात 'मस्ट बी व्हेरिफाइड टु यूज द मॉडेल' असं असेल तर मात्र खरंच ओळख द्यावी लागणार, पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पण एक ४०० वाला एरर आहे तो नीट समजून घ्या, कारण तिथे आयडी न देताही काम होऊ शकतं. त्यात वाक्य असतं, 'युवर ऑर्गनायझेशन मस्ट बी व्हेरिफाइड टु स्ट्रीम धिस मॉडेल', आणि खाली पॅराम, म्हणजे कुठल्या सेटिंगमुळे अडलं ते, म्हणून 'स्ट्रीम' दिलेलं असतं. म्हणजे मॉडेल तुम्हाला बंद नाहीये, फक्त उत्तर तुकड्या तुकड्याने येणं बंद आहे. कोडमध्ये स्ट्रीम ट्रू असेल ते फॉल्स करा, उत्तर एकदम येईल, थोडी वाट बघावी लागेल एवढंच. कॉलेज प्रोजेक्टला किंवा रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टला याने काडीचा फरक पडत नाही. अडचण अशी की आपण जी तयार टूल्स वापरतो, एडिटरमधली एक्स्टेंशन्स, चॅटची ओपन सोर्स अ‍ॅप्स, त्यांत स्ट्रीमिंग बाय डिफॉल्ट चालूच असतं आणि लोकांना वाटतं मॉडेलच बंद आहे. टूलच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमिंगचा टॉगल शोधा. असाच दुसरा एरर 'रीझनिंग समरीज', म्हणजे मॉडेलने कसा विचार केला त्याचा सारांश, याबद्दल येतो, तिथे समरी मागणारा पॅरामीटर काढून टाकला की गाडी पुढे जाते. आधी हे करून बघा, आयडी काढायची घाई नको.

घाई नको असं का म्हणतोय, तर ९० दिवसांचा नियम आहे म्हणून. एका आयडीवर ९० दिवसांत एकच ऑर्गनायझेशन व्हेरिफाय करता येते. आणि आपल्याकडे होतं काय, माणूस लॉगिन करतो, समोर जी ऑर्ग उघडी असेल तिच्यावरच बटण दाबतो, आयडी देतो, हिरवी टिक येते, खुश, आणि परत तोच एरर. कारण व्हेरिफाय झालं 'पर्सनल' नावाचं स्वतःचं ऑर्ग, आणि एपीआय की होती कंपनीच्या ऑर्गमधली. आता कंपनीच्या ऑर्गसाठी तोच आयडी तीन महिने चालणार नाही. म्हणून बटण दाबायच्या आधी वर कोपऱ्यात ऑर्गचं नाव बघा, मग सेटिंगमध्ये ऑर्गनायझेशन, त्यात जनरल, तिथला 'ऑर्ग' ने सुरू होणारा आयडी बघा, आणि तुमची एपीआय की ज्या प्रोजेक्टमधून काढलीय तो प्रोजेक्ट याच ऑर्गमध्ये आहे ना ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. व्हेरिफायचं बटणच दिसत नसेल तर तुम्ही त्या ऑर्गचे ओनर आहात की नुसते मेंबर ते तपासा.

यातूनच पुढचा मुद्दा येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कंपनीचं ऑर्ग कोणाच्या आयडीवर व्हेरिफाय करायचं? छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये हे काम सरळ सगळ्यात ज्युनियर पोराच्या किंवा पोरीच्या गळ्यात पडतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या साहेबांनी सांगितलं, 'तुझ्या आधारवर करून टाक गं, दोन मिनिटांचं तर काम आहे'. ती नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, नाही कसं म्हणणार. तिने केलं. नंतर ती नोकरी सुटली, ऑर्ग त्यांचंच राहिलं, आणि स्वतःचं छोटं काम सुरू करायला गेली तर आयडी आधीच वापरलेला. शिवाय त्या ऑर्गमधून उद्या कोणी नियमाबाहेरचं काही केलं तर मागे ओळख कोणाची लागलीय? तिची. मी स्पष्ट सांगतो, कंपनीचं ऑर्ग मालकाने, पार्टनरने किंवा डायरेक्टरने स्वतःच्या आयडीवर व्हेरिफाय करावं. बँकेत कंपनीचं खातं उघडताना जसे मालकाचे कागद लागतात तसंच हे. आणि तुम्ही ज्युनियर असाल तर सरळ सांगा, 'सर, हा नियम ओनरसाठी आहे, माझा आयडी ९० दिवस अडकतो, तुम्ही फोन घेऊन पाच मिनिटं बसा, मी बाजूला बसून सगळं करून देतो'. बहुतेक साहेबांना मुळात हे माहीतच नसतं, सांगितलं की ऐकतात.

आता प्रत्यक्ष प्रोसेस. लॅपटॉपवर सेटिंगमधून सुरू करा, मग क्यूआर कोड येतो तो फोनने स्कॅन करून पुढचं फोनवर करा, लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने आयडीचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, अक्षरं फुटतात. फोनवर लिंक क्रोम किंवा सफारीत उघडा. दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलं की कॅमेऱ्याची परवानगी मिळत नाही आणि पांढरी स्क्रीन फिरत राहते. एकदा चुकून परवानगी 'ब्लॉक' केली असेल तर परत विचारत नाही, अ‍ॅड्रेस बारच्या बाजूच्या चिन्हावर दाबून कॅमेरा परत 'अलाऊ' करावा लागतो. अ‍ॅड ब्लॉकर बंद, व्हीपीएन बंद. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीच्या व्हीपीएनवर असतो आणि फोन आपल्या डेटावर, म्हणजे एकीकडे जर्मनी आणि एकीकडे नाशिक, असल्या गोंधळात संशयाला जागा कशाला द्यायची, दोन्ही एकाच वायफायवर घ्या. आणि लिंक उघडून चहाला जाऊ नका, सेशन एक्सपायर होतं, मग परत पहिल्यापासून. सगळे कागद हाताशी घेऊनच सुरू करा.

देश निवडायला सांगतात तिथे एक गडबड नेहमी होते, खास करून बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांची. तुम्ही दुबईत, सिंगापूरला किंवा न्यू जर्सीत राहत असाल आणि हातात भारतीय पासपोर्ट असेल तर देश 'भारत' निवडायचा. विचारतायत ते आयडी कुठल्या देशाने दिला ते, तुम्ही आत्ता कुठे आहात ते नाही. तिकडचा रहिवासी कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स वापरत असाल तर मग तो देश.

कुठला आयडी वापरायचा यावर माझं मत पक्कं आहे, पासपोर्ट असेल तर डोळे झाकून पासपोर्ट. कारण त्याच्या फोटोच्या पानावर खाली त्या दोन ओळी असतात ना, बाणासारख्या खुणा असलेल्या, ४४ अक्षरांची एक ओळ, त्या मशीनने वाचण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि जगभर एकाच पद्धतीच्या असतात. सॉफ्टवेअरला अंदाज बांधावा लागत नाही. शिवाय फक्त ते एक पान द्यायचं, पत्ता आणि आईवडिलांची नावं असलेलं शेवटचं पान मागितलं नसेल तर देऊ नका.

पासपोर्ट नसेल तर स्क्रीनवर जी यादी येते तीच खरी माना, कारण ती बदलत असते. लायसन्स असेल तर स्मार्ट कार्ड हवं, जुनं पुस्तकासारखं किंवा घरी लॅमिनेट केलेलं असेल तर चालायची शक्यता फार कमी, लर्निंगचा कागद तर नाहीच. मुदत संपलेली नाही ना तेही बघा, लायसन्सची तारीख कोणी बघत नाही. पॅन यादीत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या, अठराच्या आत असताना आईवडिलांनी काढून दिलेल्या पॅनवर फोटो नसतो. बऱ्याच कॉलेजच्या पोरांकडे तेच पॅन असतं, आणि सेल्फी जुळवायला फोटोच नाही म्हटल्यावर रिजेक्ट होणारच, आधी पॅन अपडेट करून घ्या.

आधारचं थोडं वेगळं आहे. लोक काय करतात, डिजिलॉकर उघडतात किंवा ई-आधारची पीडीएफ उघडतात आणि दुसऱ्या फोनच्या स्क्रीनचा फोटो काढतात. रिजेक्ट. आपल्या देशात डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे, ट्रॅफिक पोलिसाला दाखवलात तर त्याने मान्य करायला हवा, पण हे परदेशी सॉफ्टवेअर हातात धरलेलं खरं कार्ड शोधतं, स्क्रीनचा फोटो असला की त्याला बनावटच वाटतं. झेरॉक्सचंही तेच. मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, दिलं तर नंबर पूर्ण नाही म्हणून अडतं, आणि आकड्यांवर बोट ठेवून फोटो काढला तरी अडतं. जुन्या आधारवर जन्मतारखेच्या जागी फक्त वर्ष असतं, तेही अडतं. आणि मुळात आधार नंबर बाहेर देऊ नये या मताचा मी आहे. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खाजगी कंपन्यांना आधार सक्तीने मागायची वाट बंद केली, त्यामुळे दुसरा आयडी असेल तर तो द्या, आधार शेवटी.

नावाचा प्रश्न हा खास आपला प्रश्न आहे आणि यात लोक सगळ्यात जास्त वैतागतात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नाव व वडिलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम'. आधारवर कधी तिन्ही, कधी दोनच. ज्ञानेश्वर असेल तर एका कागदावर डी एन वाय ने सुरू होतं आणि दुसऱ्यावर जी वाय ने. लग्न झालेल्या बायकांचं तर पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. यावर साधा नियम, जिथे नाव टाइप करायला सांगतात तिथे जो आयडी दाखवणार आहात त्यावर जसं छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट टाइप करा. हाक मारायचं नाव नको, चॅट अकाउंटवर जे नाव ठेवलंय ते नको. 'फर्स्ट नेम'च्या चौकटीत नाव आणि मधलं नाव, 'लास्ट नेम'च्या चौकटीत आडनाव.

पण म्हणून लगेच आधारवरचं नाव बदलायला धावू नका हं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. एका वेबसाइटच्या व्हेरिफिकेशनसाठी त्यातली एक संधी घालवणं मला पटत नाही. नावं जुळत नसतील तर ज्या कागदावर बरोबर आहे तो कागद वापरा. कायमचंच जुळवायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून सगळे कागद एका ओळीत आणा, पण ते स्वतःच्या सोयीने, शांतपणे.

फोटो काढताना. हे वाचायला क्षुल्लक वाटेल पण कार्ड चांगलं असूनही रिजेक्ट होतं ते बहुतेक याच कारणाने. ट्यूबलाइटच्या खाली लॅमिनेशन केलेलं कार्ड धरलं की बरोबर जन्मतारखेवर पांढरा पट्टा येतो. डोळ्याला तो जाणवत नाही कारण आपण कार्ड थोडं हलवून वाचतो, फोटोत मात्र तारीख गायब. फ्लॅश बंद करा, दिवसा खिडकीजवळ या पण ऊन थेट कार्डावर नको, कार्ड गडद रंगाच्या टेबलावर किंवा चादरीवर ठेवा म्हणजे कडा वेगळ्या दिसतात, चारी कोपरे फ्रेममध्ये, प्लॅस्टिकच्या कव्हरमधून कार्ड बाहेर काढा. फोनची लेन्स शर्टाला पुसा, खिशात राहून ती तेलकट झालेली असते. काढलेला फोटो पुढे पाठवायच्या आधी झूम करून सगळ्यात बारीक अक्षर वाचता येतंय का बघा, तुम्हाला येत नसेल तर त्यांनाही येणार नाही.

सेल्फीत समोर, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगतात. मागे खिडकी नको, चेहरा काळा पडतो. चष्मा काढा, टोपी काढा. आयडीवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल, तेव्हा दाढी नव्हती आणि आता पूर्ण दाढी आहे, तर सेल्फी जुळणं जरा अवघड जातं, अशा वेळी अलीकडचा फोटो असलेला आयडी घ्या. मान हळू वळवा. आणि खोलीत मागे दुसरं कोणी उभं नको, दोन चेहरे दिसले की अडतं.

हिरवी टिक आली पण एरर तसाच आहे, हा पुढचा ठरलेला प्रश्न. आधी थांबा. व्हेरिफिकेशन सगळीकडे पोचायला अर्धा तास लागू शकतो. तेवढ्या वेळात लॉगआउट करून परत लॉगिन करा. अर्ध्या तासाने नवीन एपीआय की बनवा आणि ती वापरून बघा, जुनी की सर्व्हरवरच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये किंवा डिप्लॉयमेंटच्या सेटिंगमध्ये राहिलेली नाही ना हे खास बघा, कारण लॅपटॉपवर नवी आणि सर्व्हरवर जुनी असं फार होतं. तरीही नाही झालं तर परत वरचाच मुद्दा, ऑर्ग आयडी जुळतोय का. कोडमध्ये ऑर्गनायझेशनचा हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी ऑर्गची माहिती) वेगळा दिलेला असेल तर तो काढून टाका किंवा बरोबर करा. प्रोजेक्टच्या लिमिट्समध्ये कोणी ठराविक मॉडेल्सच चालू ठेवलेली असतील तरीही नवं मॉडेल दिसत नाही, तिथेही एक नजर टाका.

आणि आयडीच रिजेक्ट झाला असेल तर? लगेच परत परत मारू नका. काही जणांना दुसरी संधी लगेच मिळते, काहींना बटणच नाहीसं होतं. कंपनीने स्वतः सांगितलंय की प्रत्येक ऑर्ग पात्र असेलच असं नाही, आत्ता नसेल तर नंतर बघा, तोपर्यंत आधीची मॉडेल्स वापरा. हे ऐकायला बरं वाटत नाही, मलाही पटत नाही की कारण सांगितल्याशिवाय माणसाला परत पाठवावं, कारण ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याने करायचं काय. पण अशा वेळी नवीन ईमेलने नवीन अकाउंट काढून तोच आयडी देणं म्हणजे ९० दिवसांच्या नियमाला स्वतःहून डोकं आपटणं. त्यापेक्षा काम कसं पुढे न्यायचं ते बघा. ओपनएआयनेच ऑगस्ट २०२५ मध्ये जीपीटी ओएसएस नावाची मोकळी, म्हणजे डाउनलोड करून स्वतःच्या मशीनवर चालवता येणारी मॉडेल्स दिलीत, त्यातलं २० अब्ज पॅरामीटरवालं १६ जीबी मेमरीच्या मशीनवर ओलामा हे मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर टाकून चालतं, ना अकाउंट, ना आयडी, ना डॉलर. मराठीत ते मोठ्या मॉडेलइतकं चांगलं लिहीत नाही हे खरं, पण वर्गीकरण, कोडमधली मदत, इंग्रजी मजकुराचा सारांश असल्या कामाला पुरतं. ग्राहकाला तारीख दिलेली असेल तर कोडमध्ये मॉडेलचं नाव एकाच जागी ठेवा म्हणजे उद्या परवानगी मिळाली की एक ओळ बदलली की झालं.

चॅटजीपीटीमध्येच वय तपासायला सांगतायत असा प्रश्न आता वेगळा यायला लागलाय. ते ऑर्गनायझेशनवालं प्रकरण नाही. २०२६ च्या जानेवारीपासून वापरावरून वयाचा अंदाज घेतात आणि मोठ्या माणसाला चुकून अठराच्या आत धरलं तर सेल्फीने किंवा आयडीने ते दुरुस्त करता येतं, तेही पर्सोनामार्फतच. तिथे वर लिहिलेलं फोटोबद्दलचं सगळं लागू होतं. घरात एकाच अकाउंटवर मुलगा अभ्यास करतो आणि वडील ऑफिसचं काम करतात असं असेल तर अंदाज चुकायचाच, वेगळी अकाउंट ठेवा. कॅरेक्टर एआय या काल्पनिक पात्रांशी गप्पा मारायच्या अ‍ॅपने तर नोव्हेंबर २०२५ पासून अठराच्या आतल्यांना मोकळं चॅटिंगच बंद केलं, तिथे खरंच लहान असाल तर उपाय शोधू नका.

विद्यार्थ्यांच्या फुकट ऑफरमध्ये अडकणारे वेगळे. तिथे कॉलेज तपासणारी दुसरी कंपनी असते आणि तिला एकाच कागदावर तीन गोष्टी हव्या असतात, तुमचं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव आणि चालू वर्षाची तारीख. आपल्या कॉलेजच्या ओळखपत्रावर बरेचदा नुसती बॅच छापलेली असते किंवा तारीखच नसते. चालू सत्राची फी भरल्याची पावती किंवा ऑफिसमधून ताजं बोनाफाईड घ्या, इंग्रजीत मागा, शिक्का आणि तारीख स्पष्ट हवी.

आता ते विकत मिळणाऱ्या व्हेरिफाइड अकाउंटबद्दल. टेलिग्रामवर असले लोक भरपूर आहेत. दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. तुम्ही विकत घेतलंत तर मालक तो, कधीही पासवर्ड बदलेल, तुमचं क्रेडिट आणि तुमच्या ग्राहकाचा डेटा दोन्ही त्याच्या हातात. आणि 'तुझा आयडी आणि सेल्फी दे, थोडे पैसे देतो' असं कोणी म्हणत असेल तर त्याहून वाईट, कारण आयडी आणि हलणाऱ्या चेहऱ्याचा व्हिडिओ एवढ्यावर कर्जाची अ‍ॅप्ससुद्धा खातं उघडतात. गावाकडच्या पोरांना हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं, त्यांना वाटतं फोटोच तर आहे. कोणी दिलाच असेल तर आज बसून एवढं करा, माय आधार या आधारच्या अधिकृत साइटवर बायोमेट्रिक लॉक करा आणि ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, क्रेडिट रिपोर्ट काढून अनोळखी कर्ज नाही ना बघा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

अधिकृत ठिकाणी दिलं तरी धोका शून्य होत नाही हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी आयडीचे फोटो बाहेर गेले असू शकतात, आणि ते लोकांनी वय सिद्ध करायलाच दिले होते. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण त्यातली बरीच मुख्य कलमं लागू व्हायला १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ उजाडणार. तोवर आपली काळजी आपणच घ्यायची. संमतीच्या पानावर डेटा किती दिवस ठेवणार ते वाचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि काम झाल्यावर गॅलरीतले आयडीचे फोटो उडवा, फोनच्या ट्रॅशमधून आणि क्लाउड बॅकअपमधूनही.

सपोर्टला मेल टाकायची वेळ आलीच तर 'नॉट वर्किंग प्लीज हेल्प' एवढंच लिहू नका, तयार उत्तर येतं आणि आठवडा जातो. ऑर्ग आयडी, एररचं पूर्ण वाक्य, प्रत्येक एररसोबत येणारा रिक्वेस्ट आयडी, कुठल्या तारखेला किती वाजता व्हेरिफिकेशन केलं ते भारतीय वेळेनुसार आणि तसं स्पष्ट लिहून, आयडीचा प्रकार आणि देश, आणि शेवटी स्क्रीनवर नेमकं काय दिसलं. आयडीचा फोटो किंवा नंबर मेलमध्ये कधीही जोडू नका, त्यांनी मागितला असं भासवणारा मेल आला तरी नाही. आणि तुमचा एरर वरच्या कशातच बसत नसेल तर एपीआय की खोडून पूर्ण मजकूर टाका, एरर कोड आणि मॉडेलच्या नावासकट, बघून सांगतो.